ईई पीसी ९०१: स्वतःचा कर्नल ३.१६ वरून ६.१ ला नेताना पॅनिक

निफाडकर_बागायतदार

नमस्कार मंडळी. आसुसचा ईई पीसी ९०१ हा छोटा लॅपटॉप आहे: ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, ४ आणि १६ जीबीच्या दोन एसएसडी. द्राक्षबागेच्या शेडमध्ये रात्रंदिवस चालू असतो. आर्डुइनोवरचे तापमानाचे सेन्सर यूएसबीतून आकडे देतात, हा ते लिहून ठेवतो आणि वायफायने घरी पाठवतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा एकदम उतरतो, तेव्हा बागेत शेकोट्या कधी पेटवायच्या ते या आकड्यांवरच ठरतं. लाईट गेली तरी हा बॅटरीवर चालू राहतो, म्हणून दुसरं मशीन नको आहे.

सध्या डेबियन ८ आणि त्यावर मी कंपाइल केलेला लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३.१६ आहे, इनिटरॅमएफएसशिवाय, म्हणजे बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर पुरवणारी तात्पुरती फाइलसिस्टीम नाही. कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) २.६ च्या काळापासून तीच पुढे चालवत आलोय. घरच्या ६४-बिट डेस्कटॉपवर ६.१ चा सोर्स घेतला, जुनी फाइल ठेवून मेक ओल्डकॉन्फिग केलं, ३२-बिटसाठी बिल्ड केलं. बिल्ड विनातक्रार झालं. पण बूट करताना 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' आणि पॅनिक. ग्रब या बूटलोडरमध्ये रूट (सिस्टीमचं मुख्य पार्टिशन) म्हणून एचडीए१ दिलंय, ३.१६ त्यावर आजही नीट उठतो. कुठे बघू?

मेकफाइल_पुणे

दादा, कंसातले ते दोन शून्यच सगळं सांगतायत. कर्नलला डिस्क दिसली असती आणि फक्त फाइलसिस्टीम कळली नसती, तर तिथे (८,१) असं काहीतरी आलं असतं. (०,०) म्हणजे तुम्ही सांगितलेल्या नावाचं डिव्हाइसच त्याला सापडलेलं नाही. त्याच ओळीच्या वर तो सापडलेल्या पार्टिशनची यादी छापतो. ती तुमच्याकडे रिकामी असणार.

कारण तुमच्या 'एचडीए१' मध्येच आहे. हे नाव जुन्या आयडीई ड्रायव्हरचं. तो अख्खा विभाग ५.१४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, कर्नलमधून काढून टाकला. ९०१ च्या एसएसडी इंटेलच्या आयसीएच७ चिपला पाटाने (जुन्या समांतर जोडणीने) जोडलेल्या आहेत आणि तुमची कॉन्फिग त्या इतकी वर्षं जुन्या ड्रायव्हरने चालवत होती. ओल्डकॉन्फिग फक्त नव्या पर्यायांबद्दल विचारतो. जो पर्याय उरलाच नाही, तो गुपचूप गाळतो. म्हणून बिल्ड स्वच्छ झालं आणि डिस्कचा ड्रायव्हर एकही राहिला नाही.

आता लिबएटीए (डिस्कची नवी ड्रायव्हर-व्यवस्था), त्यातला एटीए-पिक्स आणि स्कझी डिस्कचा पर्याय हे तिन्ही 'वाय' करा, म्हणजे कर्नलमध्येच घ्या. इनिटरॅमएफएस नाही, त्यामुळे 'एम' (नंतर लोड होणारं वेगळं मॉड्यूल) चालणार नाही. डिस्कचं नाव आता एसडीए होईल, तेव्हा ग्रब आणि एफएसटॅब (माउंट करायच्या पार्टिशनची यादी) दोन्हीकडे बदला. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) लिहा. ग्रबच्या ओळीत मात्र इनिटरॅमएफएस नसताना यूयूआयडी चालत नाही, कारण कर्नल स्वतः फक्त पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) ओळखतो. वायफाय उलट 'एम' ठेवा: आरटी२८०० ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल लागते आणि रूट माउंट व्हायच्या आधी ती मिळत नाही.

एवढ्यावर मशीन उठेल. तरी कळकळीने सांगतो, ती २.६ ची फाइल आता सोडून द्या. दोन आवृत्त्यांमध्ये एवढं अंतर पडलं की काय गळलं हे शोधण्यातच दिवस जातात. शिवाय हे मशीन वायफायवर आहे, आणि डेबियन ८ वर नुसता कर्नल नवा करून बाकीच्या जुन्या लायब्ररी तशाच राहतात. १६ जीबीवाल्या डिस्कवर डेबियन १२ टाका. ३२-बिट इंटेलसाठी कर्नल देणारी डेबियनची ती शेवटची आवृत्ती, १३ मध्ये तो मिळत नाही. आणि तिचा कर्नल ६.१ च आहे. तो बूट करा, आर्डुइनो जोडा, वायफाय चालू करा, पेनड्राइव्ह लावा, आणि मग मेक लोकलमॉडकॉन्फिग. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल तेवढी तो ठेवतो. आर्डुइनो जोडलेला नसेल तर त्याचा सिरियल ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा. त्या कमांडला एलएमसी_कीप मध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी दिलं की यूएसबीचे सगळे शाबूत राहतात.

बिल्ड डेस्कटॉपवरच करा. डीबूटस्ट्रॅपने ३२-बिट डेबियन १२ चं क्रूट (फोल्डरमधली वेगळी सिस्टीम) उभं करून, लिनक्स३२ खाली मेक बिनडेब-पीकेजी चालवलं की थेट डेब पॅकेज मिळतं. डीबग माहिती आधी बंद करा, नाहीतर बिल्डचं फोल्डर कित्येक जीबी होतं.

टर्मिनल_मिरज

वरचं सगळं पटलं. एक भर: बूटच्या ओळीत मिटिगेशन्स ऑफ टाका, म्हणजे प्रोसेसरच्या त्रुटींवरचे कर्नलमधले उपाय बंद होतील. एवढ्या छोट्या प्रोसेसरवर स्पेक्टर-मेल्टडाउनचं ओझं कशाला?

मेकफाइल_पुणे

भाऊ, एन२७० वर ते ओझं नाहीच. हा ॲटम सूचना आल्या क्रमानेच चालवतो, पुढचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवत नाही, त्यामुळे त्या दोन्ही त्रुटी त्याला लागू होत नाहीत. कर्नलच्या यादीत या घराण्याची तशी नोंद आहे आणि तो ते उपाय आपोआप वगळतो. सिस फोल्डरमधली व्हल्नरेबिलिटीज बघा, 'नॉट अफेक्टेड' दिसेल. वेग हवा असेल तर प्रोसेसर फॅमिलीत ॲटम निवडा आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू करा. १ जीबीत खरा फरक झेडरॅमचा पडतो, आणि एसएसडीवरच्या स्वॅपचं लिखाणही वाचतं.

निफाडकर_बागायतदार

दादा, उपकार झाले! आधी जुन्याच फाइलीत एटीए-पिक्स 'वाय' करून पाहिलं, एसडीए१ वरून सरळ उठला. तरी तुमचं ऐकून १६ जीबीवर डेबियन १२ घेतलं, लोकलमॉडकॉन्फिग आर्डुइनो जोडून केलं, आणि तो नवा कर्नल आता चालू आहे. सीएच३४१ (आर्डुइनोचा सिरियल ड्रायव्हर) आला, सेन्सरचे आकडे येतायत. ४ जीबीवरचा ३.१६ ग्रबमध्ये तसाच ठेवलाय, थंडीचा हंगाम संपेपर्यंत काढणार नाही.

एकच अडलंय: वायफाय चालू-बंद करायचं बटण दाद देत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये ईईपीसी-लॅपटॉप हा त्याच्या ड्रायव्हरचा पर्यायच दिसत नाही.

मेकफाइल_पुणे

हॉटप्लग पीसीआय बंद असेल. ते बटण वायफाय कार्डच पीसीआयवरून काढतं-जोडतं, म्हणून ईईपीसी-लॅपटॉप त्यावर अवलंबून आहे. ते 'वाय' केलंत की पर्याय दिसू लागेल. तो 'एम' करा, आणि बिल्ड करण्यापूर्वी आवृत्तीच्या नावापुढे स्वतःची खूण जोडा, म्हणजे आताचा चालता कर्नल पुसला जाणार नाही.