'स्टीम्ड हॅम्स'ला मराठीत काय म्हणाल? (आणि स्किनर मुख्याध्यापक की प्राचार्य?)

अर्धवटराव:
मंडळी, 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला तो जेवणाचा प्रसंग माहितीये ना? '22 शॉर्ट फिल्म्स अबाउट स्प्रिंगफील्ड' या भागातला, 14 एप्रिल 1996 ला अमेरिकेत दाखवलेला, जेमतेम तीनेक मिनिटांचा. मी त्याला मराठी सबटायटल्स करतोय, आईसाठी. आई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती त्यामुळे साहेब येणार म्हटल्यावर शाळेच्या मुख्य माणसाची काय गत होते हे तिला समजावून सांगायची गरज नाही, पण मीच दोन शब्दांवर अडकलोय आणि आठवडा झाला गाडी पुढे सरकत नाहीये.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. स्किनर हा स्प्रिंगफील्डच्या शाळेचा प्रिन्सिपल, त्याने सुपरिंटेंडंट चाल्मर्सना घरी जेवायला बोलावलंय. ओव्हनमधला रोस्ट जळून कोळसा. हा खिडकीतून सटकून समोरच्या क्रस्टी बर्गरमधून बर्गर आणायला निघतो तर साहेब नेमके किचनमध्ये हजर. धूर कसला? तर धूर नव्हे, वाफ, आज 'स्टीम्ड क्लॅम्स'चा, म्हणजे वाफवलेल्या शिंपल्यांचा बेत आहे. मग ताटात येतात हॅम्बर्गर. साहेब म्हणतात क्लॅम्स कुठे गेले, तर हा म्हणतो छे हो, मी 'स्टीम्ड हॅम्स' म्हणालो, हॅम्बर्गरला मी तेच म्हणतो, बोलीभाषा आहे. कुठली बोली? अपस्टेट न्यूयॉर्कची, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या भागातली. साहेब निघतात तिथल्याच युटिका गावचे, त्यांनी हा शब्द जन्मात ऐकलेला नाही. तर म्हणे युटिकात नाही, ऑल्बनीकडे म्हणतात!

आता क्लॅम्स म्हणजे तिसऱ्या हे ठीक, पण तिसऱ्यांशी यमक जुळेल आणि बर्गरला चिकटेल असं आणू कुठून? आणि प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंटला काय लिहू?

पाटीपेन्सिल:
दुसरं सोपं आहे. शाळा पहिली ते सहावीची, तिथे मुख्याध्यापकच. प्राचार्य म्हटलं की ज्युनियर कॉलेज डोळ्यासमोर येतं. इंग्लिश मीडियमवाले सरळ प्रिन्सिपल म्हणतात तेही चालेल. अधीक्षक मात्र अजिबात नको, डिक्शनरीत सुपरिंटेंडंटला तोच शब्द मिळेल पण अधीक्षक म्हटलं की मला तुरुंग, पोलीस नाहीतर वसतिगृह दिसतं. तिकडे हा माणूस एका अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टचा प्रमुख असतो, आपल्या हिशोबाने शिक्षणाधिकारी. आजोबा अशा तपासणीला येणाऱ्या माणसाला 'दिपोटी' म्हणायचे, डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टरचं सुटसुटीत रूप. पण आता दिपोटी लिहिलंत तर निम्म्या लोकांना तो खाण्याचा पदार्थ वाटेल.

अर्धवटराव:
शिक्षणाधिकारी फायनल. संवादात नुसतं 'साहेब'. आई म्हणाली आमच्या तोंडी साहेबांना कुठलं पद नव्हतंच, साहेब म्हणजे साहेब. (तिच्या पहिल्या शाळेत तपासणीच्या दिवशी हेडसर जिलेबी हॉटेलातून आणायचे आणि घरच्या पितळी डब्यात ओतून 'मिसेसनी केलीय' म्हणायचे, वर्तमानपत्राचा कागद जिलेबीला चिकटून आला एकदा.)

उकडलेला शेंगदाणा:
तिसऱ्या हा शब्द तरी सगळ्यांना कुठे कळतोय! कोकणात कुठे कुठे शिवल्या म्हणतात. यमकापुरतं खेकडे घ्या. मुख्याध्यापक म्हणतात 'शेकलेले खेकडे', ताटात येतात बटाटेवडे, मग 'छे छे साहेब, खेकडे नाही, शेकवडे म्हणालो, आमच्याकडे बटाटेवड्याला शेकवडे म्हणतात'. आणि पुढे साहेबांना आपोआप म्हणता येईल की अहो पण हे तर तळलेत! मूळ प्रसंगात तेच आहे ना, नाव स्टीम्ड आणि बर्गर सरळसरळ ग्रिल केलेले.

अर्धवटराव:
शेंगदाणे, तुमच्या पाया पडतो. पण पडद्यावर बर्गर दिसतायत, बटाटेवडे म्हणून आईला गंडवू कसा?

तर्रीबाज:
वडे घेऊच नका मग. अहो खेकडा भजी आहे की आपल्याकडे! कांदा भजी, आणि खेकड्याचा काही संबंध नाही. हॅम्बर्गरचंही तेच, त्यात हॅम, म्हणजे डुकराचं मांस, कुठे असतं? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलेलं नाव. लोकांना वाटलं 'हॅम' वेगळं आणि 'बर्गर' वेगळं, मग चीज घालून चीजबर्गर केला. स्किनरने उलटं केलं, बर्गर टाकून दिला आणि हॅम ठेवलं. पावाला पाव का म्हणतात तर पायाने मळतात म्हणून, असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, शब्द आलाय पोर्तुगीज 'पांव'वरून. ह्याच जातीची गोष्ट.

उकडलेला शेंगदाणा:
खेकडा भजी सुंदर आहे पण चालणार नाही. कारण लोक खरंच तसं म्हणतात! स्किनर थापा मारतोय हीच तर मजा आहे. शब्द खरा निघाला की विनोद खल्लास. शेकवडे कोणीच म्हणत नाही म्हणून तो चालतो.

तर्रीबाज:
हे मात्र पटलं. पण उलटंही होतं हो. मी नागपूरचा, पुण्यात पहिल्या महिन्यात मेसच्या मावशींना म्हणालो भाजीवर थोडा सांबार टाका. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास, आणि खरंच वाटीभर सांबार आणून भेंडीवर ओतलं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी खाल्ली असेल तुम्ही. मी सांगतोय विदर्भात असंच म्हणतात तर रूममेट अमरावतीचा असून गप्प, हसत बसला. माझं सगळं खरं होतं आणि मी स्किनर दिसत होतो.

पाटीपेन्सिल:
😂 अमरावतीकर म्हणजे तुमचा युटिका. स्किनरची खरी हुशारी तिथेच आहे बघा, युटिका आणि ऑल्बनी एकाच पट्ट्यात, अंतर साधारण दीडशे किलोमीटर. बोलीच्या नावावर थाप मारायची तर गाव इतकं जवळ घ्यावं की समोरच्याला 'असेलही बुवा' वाटावं. आणि गंमत म्हणजे शेजारच्या कनेक्टिकटमध्ये, मेरिडनच्या आसपास, बर्गर खरोखर वाफेवर करतात, छोट्या ट्रेमध्ये घालून स्टीमच्या कपाटात ठेवतात. हॅम म्हणत नाहीत त्यांना, स्टीम्ड चीजबर्गरच म्हणतात. स्किनरने कनेक्टिकट म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

अर्धवटराव:
तर असं केलं. युटिका आणि ऑल्बनी तसेच ठेवले, आईला म्हटलं सांगली-मिरज समज, एवढ्या जवळ नाहीत पण भाव तोच. क्लॅम्सचे खेकडे केले आणि बर्गरना शेकवडे, पडद्यावर पाव दिसतो म्हणून कंसात 'पावातले' टाकलं. व्याकरणवाल्यांनी माफ करावं.

काल दाखवलं. शेकवड्यांवर आई हसली, 'तळलेत की रे हे' साहेबांच्या आधी तिनेच म्हटलं. मग शेवटी किचनला आग लागते आणि मुख्याध्यापक साहेबांना सांगतो की तो उजेड म्हणजे ध्रुवप्रकाश आहे, तिथे मी मुद्दाम थांबवलं, अरोरा बोरियालिसला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाला, मी ध्रुवप्रकाश लिहिलं होतं, म्हटलं शब्द बरोबर वाटतो का बघ. तर ती म्हणाली शब्दाचं नंतर बघू, आधी त्याला गॅस बंद करायला सांग.