मनालीच्या बर्फात अल्टो-वॅगनआर न्यावी की नाही?

गिरगावकर
डिसेंबर आला की मुंबईहून गाडीने मनालीला जायचे बेत सुरू होतात आणि प्रत्येकाला तोच सल्ला मिळतो: 'छोटी गाडी नेऊ नका, हलकी गाडी बर्फात घसरते.' मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

हलक्या गाडीला पकड कमी मिळते हे खरं, पण थांबवायचं वजनही त्याच प्रमाणात कमी असतं. टायर एकसारखे असतील तर ७५० किलोची अल्टो आणि दोन टनांची एसयूव्ही ३० च्या वेगावरून जवळपास सारख्याच अंतरात थांबतात. कोरड्या डांबरावर ५ मीटर, दबून घट्ट झालेल्या बर्फावर १४-१५ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ३५. फोर बाय फोरचा, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाडीचा, फायदा निघताना आणि चढताना. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

अल्टोचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच, म्हणजे साठेक टक्के वजन नेमकं हवं तिथे पडतं. टायर १४५ मिमीचा. ताज्या बर्फाचा थर दोन-तीन इंचांचा असेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या डांबराला टेकतो, रुंद टायर वरच राहतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर रुंद आणि गुळगुळीत टायर तरंगतो, तसंच हे. पुढच्या दोन चाकांना चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी), दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या क्लचने उचल, वेग २०-३०, एवढं पाळलं तर छोट्या गाडीत खोट काढायला जागा नाही.

मुलुंडकर
थांबण्याचं गणित मान्य. पण गाडी मुळात अडकते कशाने, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

अल्टोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची रस्त्यापासूनची उंची, १६० मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि सामान भरलं की त्यातले दोन-तीन सेंटिमीटर जातात. मनालीच्या वर, सोलंगच्या पुढे ट्रक आणि मोठ्या गाड्या चाकोऱ्या पाडतात, मधला उंचवटा रात्रीत दगडासारखा गोठतो. सकाळी छोटी गाडी त्या चाकोरीत शिरली की तिचा चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उंचवट्यावर चढतो, पुढची चाकं अर्धवट लोंबकळतात आणि चेन हवेत फिरते. आता फावड्याने खालचा बर्फ खणून काढण्यावाचून इलाज नाही, आणि तोवर मागे रांग लागलेली. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अशाच खोळंबल्या होत्या.

दुसरं, 'पुढच्या दोन चाकांना चेन' हा अर्धा सल्ला आहे. चढताना बरोबर. उतारावर ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, आधीच हलकी असलेली मागची बाजू आणखी हलकी होते. पुढच्या चाकांना चेनची पकड, मागची चाकं उघडी. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी आडवी होते. छोटी गाडी न्यायचीच असेल तर चार चेन घ्या, आणि उतरताना मागच्या सीटवर दोन माणसं बसवा.

सायनकर
मुलुंडकरांच्या शेवटच्या वाक्याला जोड: बऱ्याच जणांना डिकीत वाळूची पोती टाकायचं सुचवलं जातं. ते नॅनो किंवा इको यांसारख्या मागून ढकलणाऱ्या गाड्यांसाठी ठीक. अल्टोत मागच्या चाकांच्या पलीकडे वजन टाकलं की पुढचा भाग उचलला जातो आणि चढावर चाकं जागीच फिरतात. सामान मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. सीएनजी वॅगनआरमध्ये तर सिलिंडरमुळे डिकीकडे ऐंशी-नव्वद किलोची भर आधीच पडलेली असते. शिवाय डोंगरात सीएनजी मिळेल हे धरूनच चालू नका, पेट्रोलची टाकी भरून ठेवा.

स्टेपनी
वादात दोन्ही बाजूंकडून खरी गोष्ट निसटते आहे, ती म्हणजे टायरचं रबर. आपल्याकडचे नेहमीचे टायर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतात. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी चालते, बर्फासाठी निदान ४ तरी हवी. त्याहून कमी असेल तर चेन असूनही बेत रद्द करावा, असं मी स्पष्ट सांगेन.

कूलंटचंही तेच. मुंबईत वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतून गाड्या चालतात. शून्याखाली ते गोठतं, नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा ब्लॉकच फोडतं. निघण्याआधी सगळं पाणी काढून ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, उणे ३५ पर्यंत चिंता नाही. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओली केबल किंवा लायनर गोठून चाक जाम होतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि वायपर काचेपासून उचलून ठेवा.

हवा: मुंबईत ३० अंशांना भरलेले ३३ पीएसआय तिथे उणे ५ ला २७ होतात, हे लक्षात ठेवा.

सायनकर
स्टेपनी, हवेचा आकडा दुरुस्त करा. थंडीने साडेपाच पीएसआय उतरतात हे बरोबर, पण मनाली दोन हजार मीटरवर आहे. तिथे बाहेरचा दाबच तीनेक पीएसआयने कमी, त्यामुळे गेज साधारण ३१ दाखवेल. बोगद्यापाशी, तीन हजार मीटरवर, ३२. २७ समजून अंदाजाने वर सहा ठोकले तर टायर टणक होऊन पकड आणखी जाईल. सकाळी गाडी हलवायच्या आधी गेज लावा आणि दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवा.

स्टेपनी
मान्य, उंचीचा हिशोब राहिला होता.

गिरगावकर
चार चेनचा मुद्दा पटला, माझी दुरुस्ती धरा. पण चाकोरीचा मुद्दा मुसळधार बर्फाचा आहे. त्या दिवशी पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगपाशी फोर बाय फोर सोडून बाकीच्यांना थांबवतातच. मी म्हणतो ते मनाली गावातल्या दोन-तीन इंच बर्फाबद्दल. तेवढ्यासाठी कुणाला घरातली वॅगनआर सोडून एसयूव्ही भाड्याने घ्यायला लावणं मला पटत नाही.

मुलुंडकर
तुम्ही मनाली गाव म्हणता, लोक तिथे थांबत नाहीत. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून त्याचे नऊ किलोमीटर पार करून पलीकडच्या सिस्सू गावात जेवायला जातात. सकाळी रस्ता कोरडा, दुपारी ढग, चारला बर्फ. परतताना दक्षिण तोंडापासूनच्या उतारावर, डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर वितळलेलं पाणी पुन्हा गोठलेलं असतं. ते ओल्या डांबरासारखं दिसतं. तिथे एकदम खालचा गिअर टाकला तरी पुढची चाकं अडून गाडी सरळ निघते. वळणाच्या बऱ्याच आधी पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका, ब्रेकला न शिवता. हा हात मुंबईत बसत नाही. म्हणून माझं मत तेच: छोटी गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात उभी करा, पुढे स्थानिक चालकाची गाडी करा.

दहिसर चेकनाका
नेणाऱ्यांनी निदान एक करा. चेन टायरच्या मापाचीच घ्या, १४५/८० आर १२ वेगळी आणि आर १३ वेगळी. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाड हातमोजे घालून दोनदा चढवून पाहा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कडी आतल्या बाजूला शॉकअप किंवा ब्रेकच्या होजला (ब्रेक ऑइलच्या नळीला) घासत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. छोट्या गाडीत तिथे बोटभरच जागा असते आणि कडीने होज कापला तर ब्रेक ऑइल सगळं बाहेर. तिथे चढवल्यावर शंभर मीटर जाऊन पुन्हा ताणा.