शब्दचर्चा: आरसेकाम म्हणू की ऐनेकारी?

शब्दवेडी
मोनीर शाहरूदी फर्मानफर्माइयान ह्या इराणी चित्रकर्तीवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. बाईंचा जन्म १९२२ चा, कझवीनचा. तरुणपणी न्यूयॉर्कला गेल्या, तिथं एका मोठ्या दुकानासाठी फॅशनची चित्रं काढायच्या (पुढे नावाजलेला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलही तेव्हा तिथंच काम करायचा), मग १९५७ ला परत इराणात आल्या. पुढे शिराझचा शाह चिराग दर्गा बघितला. आतून भिंती, कमानी, छत सगळं आरशाच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं, दिवा लागला की अख्खी खोली लखलखते. तिथून पुढे त्यांनी आरसा सोडला नाही तो शेवटपर्यंत.

फारसीत ह्या कामाला आईनेकारी म्हणतात. मराठीत काय लिहू? 'आरसेकाम' म्हटलं की घागऱ्यावरचे गोल आरसे डोळ्यापुढे येतात, 'काचकाम' म्हटलं की खिडक्या, आणि 'आरशांची कलाकुसर' लिहिलं तर थेट रुखवतच. तिन्ही मला खटकतायत.

गोदाकाठ
अहो ऐना आहे की आपला! आमच्याकडे मराठवाड्यात आजी कधी आरसा म्हणायचीच नाही, "ऐन्यात बघून टिकली लाव" असंच. ऐनेमहाल हा शब्दही जुन्या मराठीत आहे. मीनाकारी चालते, कशिदाकारी चालते, मग ऐनेकारी का नको? तोच फारसी शब्द आहे, आपल्याकडे येऊन आपला झालेला. माझं मत ऐनेकारी.

सांजवात
पण आज किती जणांना ऐना कळतो? मुंबई-पुण्यातली पोरं 'ऐन वेळी'मधला ऐन समजतील. आरसा हा शब्द संस्कृत 'आदर्श'वरून आलाय, आदर्श म्हणजे मुळात आरसाच, ज्यात बघायचं ती वस्तू. आरसेमहाल सगळ्यांना माहितीये. मी 'आरशांचं जडावकाम' लिहीन.

शब्दवेडी
जडावकाम ऐकायला छान आहे पण जडावात खडा कोंदणात बसवतात ना, इथं कोंदण नाहीये. आधी भूमितीचा आराखडा काढतात, त्याबरहुकूम आरसा त्रिकोणात, षट्कोनात कापतात, काही काचा मागच्या बाजूने रंगवतात आणि मग लाकडावर प्लास्टर घालून त्यात तुकड्याला तुकडा भिडवून बसवतात. षट्कोन बाईंचा फार लाडका. शाळेत आपण कंपासची त्रिज्या तशीच ठेवून वर्तुळावर सहा खुणा करायचो बघा, तोच षट्कोन, आणि इस्लामी नक्षीतली कितीतरी जाळी त्या सहा खुणांवर उभी आहे.

आणि 'आदर्श'बद्दल लिहिलंत ते वाचून तर आरसा शब्द मला इथं आणखीच नको वाटायला लागला. बाईंच्या कामासमोर उभं राहिलं की आपला चेहरा अख्खा दिसतच नाही. एका तुकड्यात डोळा, दुसऱ्यात मागच्या माणसाची बाही, तिसऱ्यात नुसता उजेड. बघायची वस्तू आहे खरी, पण स्वतःला बघायची नव्हे. इराणातल्या सफवी बादशहांच्या काळात व्हेनिसहून येणारे मोठे आरसे वाटेत फुटायचे आणि ते तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून कारागिरांनी ही कला काढली असं सांगतात. म्हणजे सुरुवातच फुटलेल्या आरशापासून.

तालमीतला
कोल्हापूरकराचं थोडं अवांतर, पण शब्दांचंच. ते प्लास्टर फारसीत 'गच'. आपली चुनेगच्ची आणि घरावरची गच्ची त्यातलीच. गिलावाही फारसीच. म्हणजे भिंतीचे शब्द आपल्याकडे आधीच आलेत, तुम्ही प्लास्टर कशाला लिहिताय?

दुसरं म्हणजे हे आरसे कापायचं कोण? बाई स्वतः?

शब्दवेडी
गच्चीचं माहिती नव्हतं, फार आवडलं!

नाही, कापायचे उस्ताद. आराखडा बाईंचा आणि हात हाजी उस्ताद मोहम्मद नवीद ह्यांचा, बापाकडून मुलाकडे येणारी ही विद्या. १९७९ च्या क्रांतीनंतर बाई न्यूयॉर्कला अडकल्या, जवळपास पंचवीस वर्षं, तिथं असे कारागीर मिळेनात म्हणून मग बराच काळ कागदावर रेखाटनंच जास्त केली. २००४ ला तेहरानला परतल्यावर पुन्हा कारागीर जमवले, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, २०१७ ला तेहरानात त्यांच्या नावाचं म्युझियम निघालं, २०१९ ला गेल्या.

म्हणून 'कलाकुसर' मला नको होतं. मराठीत आपण कलाकुसर म्हणतो तेव्हा हौसेचं, फावल्या वेळातलं काहीतरी मनात असतं आणि ज्याने आयुष्यभर एकच हत्यार चालवलं त्या माणसाला तो शब्द पुरत नाही.

तालमीतला
मग 'वस्ताद मोहम्मद नवीद' लिहा! उस्तादचंच वस्ताद झालंय. उस्ताद म्हटलं की मराठी माणसाला गवई आठवतो, वस्ताद म्हटलं की अंग मोडून शिकवणारा माणूस.

सांजवात
हे पटलं. मी जडावकाम मागे घेते. फक्त पहिल्यांदा ऐनेकारी येईल तिथं त्याच वाक्यात 'आरशाचे तुकडे गचात बसवून केलेली नक्षी' असं फोडून सांगा, मग पुढे बिनधास्त वापरा.

शब्दवेडी
ठरलं. शीर्षकात ऐनेकारी, आत गच आणि वस्ताद. आता एकच राहिलं. आरसा कापायच्या त्या हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराला फोटोफ्रेमवाले 'कटर'च म्हणतात, कुणाच्या घरी जुना काचवाला असेल तर तो काय म्हणायचा ते विचारून सांगाल का?