ग्रीसचं कर्ज: पैसा गेला कुठे?
ग्रीसच्या कर्जसंकटाबद्दल 'ग्रीकांनी ऐश केली, आता भोगा' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. सरकारी हिशेबात लबाडी होती, करचुकवेगिरीही होती, मान्य. पण ग्रीसला वाचवण्यासाठी युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१० मध्ये दिलेल्या ११० अब्ज युरोंच्या कर्ज-पॅकेजमधला मोठा हिस्सा जुनी देणी फेडण्यातच गेला, आणि त्या धनकोंमध्ये फ्रेंच नि जर्मन बँका ठळक होत्या. बँकांच्या गळ्यातली धोंड युरोपातल्या करदात्यांच्या गळ्यात!

धनकोंच्या नव्या अटी मान्य कराव्यात का, यावरच्या २०१५ च्या सार्वमताबद्दल म्हणाल, तर ६१ टक्के लोक 'नाही' म्हणाले आणि आठवडाभरात तेव्हाचे पंतप्रधान सिप्रास यांनी त्याहून कडक अटी मान्य केल्या. त्यांना भित्रा म्हणणं सोपं आहे हो. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, अशा अवस्थेत घासाघीस कशाच्या जोरावर करणार?