मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशननंतर बँकेत काउंटरवर परत जायचंय, डबा-पाणी-लोकल कसं जमवू?

नमस्कार मंडळी, वय ४३, बदलापूरला राहते, दादरला बँकेत कॅशियर आहे. स्लीव्ह सर्जरी होऊन महिना होत आलाय, दुर्बिणीतून झाली, टाके कोरडे आहेत, डॉक्टर म्हणाले कामावर जायला हरकत नाही आणि सोमवारी जॉईन व्हायचंय. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४१ होता, शुगर होती आणि गुडघे पार गेलेले म्हणून केलं, त्यामुळे डाएटने झालं नसतं का हे प्लीज इथे नको, घरी त्यावर खूप झालंय, मला आता पुढचं बघायचंय.

सगळ्यात मोठी काळजी खाण्याची. पोटाचा पाऊण भाग काढलाय, उरलीये ती केळ्याएवढी नळी. अर्धी वाटी मऊ खिचडी खायला मला अर्धा तास लागतो आणि आमचा लंच टाईमच अर्ध्या तासाचा, त्यात कॅश मोजून ड्रॉवरला कुलूप लावून उठेपर्यंत पाच-सात मिनिटं गेलेली असतात. घाईत एक घास नीट न चावता गेला की छातीच्या मधोमध अडकतो, तोंडाला पाणी सुटतं आणि मग उलटी, घरी ठीक आहे पण काउंटरवर समोर पेन्शनवाल्या आजी-आजोबांची रांग असताना असं झालं तर काय करायचं? डाएटिशियननी दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन आणि दीड-दोन लिटर पाणी सांगितलंय, पण पाणी जेवणाबरोबर नाही, मध्ये अर्धा तास गॅप ठेवायची. म्हणजे पाणी दिवसभर घोट घोट प्यायचं, आणि बाथरूमला जायचं तर परत काउंटर बंद करून जायचं.

दुसरं, ओझं. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलंय. दहा रुपयांच्या हजार नाण्यांचं वजनच साडेसात किलोच्या वर जातं आणि आमच्याकडे नाण्यांच्या पिशव्या ज्याच्या काउंटरला लागतात त्यानेच उचलायच्या अशी पद्धत आहे.

लोकलचं तर विचारूच नका. लेडीज डब्यात सकाळी दारापासून आत ढकलत नेतात, कोणाची बॅग कोणाचं कोपर थेट पोटावर बसतं. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना, कॅन्सर पेशंटना चढता येतं, माझ्यासारखीला नाही, आणि बाहेरून दिसतही नाही काही. शिवाय फार वेळ उभं राहिलं की मधेच डोळ्यापुढे अंधारी येते.

आणि शेवटचं, सांगायचं काय? फक्त मॅनेजरना माहितीये. बाकी सगळ्यांना "पोटाचा त्रास" एवढंच. पण डबा एवढासा बघून, कोणाच्या वाढदिवसाचा केक नको म्हटल्यावर विचारणारच ना. मला खोटं बोलायचं नाहीये आणि सगळ्यांना सगळं सांगायचंही नाहीये. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
अगं ताई, माझं पोटाचं बायपास झालंय, तेही वजनासाठीच, तीन वर्षं होतील, शाळेत शिकवते, म्हणजे तासाच्या मध्ये उठता येत नाही ते मला चांगलं माहितीये. जेवण एका वेळचं ठेवूच नकोस. लंचला फक्त पनीर भुर्जी नाहीतर दही-मऊ डाळ, तीन-चार चमचे, आधी प्रोटीन, भात राहिला तर राहू दे. अकरा आणि चारला प्रोटीन पावडरचं ताक किंवा दूध, ते घोट घोट, सावकाश पिता येतं. छोटा चमचा घेऊन जा, कॅन्टीनचा मोठा चमचा हातात आला की घास आपोआप मोठा होतो. उचकी आली, नाक वाहायला लागलं किंवा छातीत दाब वाटला की तिथेच थांबायचं, उरलेला एक घास संपवायच्या नादात उलटी होते.

अंधारी येते ते आजच डॉक्टरांना सांग, सोमवारपर्यंत थांबू नकोस. ऑपरेशननंतर शुगर आणि बीपी झपाट्याने खाली येतात आणि गोळ्या जुन्याच डोसने चालू राहिल्या तर असं होतं, माझ्या बीपीच्या गोळीचा डोस अर्धा केला होता. पाणी कमी पडलं तरी होतं. अंग दुखलं म्हणून मनाने आयबुप्रोफेन वगैरे घेऊ नकोस, पोटात अल्सर होऊ शकतो. आणि ताप, छातीत धडधड, खांद्यात दुखणं, दम लागणं, यातलं काही झालं तर ऑफिस सोडून सरळ हॉस्पिटल गाठायचं. पाणीही टिकत नाही अशी उलटी चालू राहिली तरी तसंच, त्यात बी१ व्हिटॅमिन पटकन कमी होतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नकोस, परत येतात. पण प्रोटीन आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवू नकोस.

प्रतिसाद २
ताई, फिटनेस सर्टिफिकेटवर ऑपरेशनचं नाव लिहायलाच हवं असं नाही. माझ्या सर्जननी "पोटाची शस्त्रक्रिया, अमुक तारखेपर्यंत ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, थोड्या थोड्या वेळाने खाणं-पाणी आवश्यक" असं लिहून दिलं होतं. एचआरला कॉपी दिली, पुढे कोणी खोलात गेलं नाही. तुम्ही त्यात तारीख नक्की टाकून घ्या आणि मॅनेजरना पहिले पंधरा दिवस बॅक ऑफिसचं टेबल मागा. लोकांना "पोटाचं ऑपरेशन झालंय, गोड आणि तिखट बंद आहे" सांगा, हे पूर्ण खरं आहे.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार, वाचताना रडू आलं. बीपीची गोळी अजून जुन्याच डोसने चालू आहे, आत्ताच क्लिनिकला फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. सर्टिफिकेटचंही तेव्हाच सांगते. बॅक ऑफिस मिळालं तर पाण्याचा प्रश्न सुटतो, नाण्यांचाही. लोकलचं मात्र अजून अडलंय. बदलापूर-अंबरनाथकडून जाणाऱ्या कोणी ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे काढले असतील तर सांगा, लवकरची गाडी पकडली की उशिरा जाऊन वेळ बदलून घेतली?