किशोरवयात भेटलेली भुते, ग्रह आणि याने : अनुभव

किशोरांसाठीच्या अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांचा विषय निघाला की मोठी माणसे बहुधा एकच विचारतात : याने मुलांचे भले होते की नुकसान? इथे तो प्रश्न बाजूला ठेवावा. बारा ते अठरा या वयात अशा एखाद्या कादंबरीने आपल्याला, आपल्या मुलांना किंवा विद्यार्थ्यांना नेमके काय केले, ते प्रसंगासह लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात मी करतो. ज्यूल व्हर्न यांची पाणबुडीवरची कादंबरी मी बाराव्या वर्षी वाचली, ती संक्षिप्त रूपात. त्या पुस्तकातला कॅप्टन नेमो हा एक अबोल, रागीट माणूस होता. तो कोणावर आणि का रागावला आहे, हे कुठेच कळत नव्हते. विशी ओलांडल्यावर त्याच लेखकाची, १८७५ साली पूर्ण झालेली ‘मिस्टीरियस आयलंड’ मी अखंड वाचली. तिच्या शेवटी मृत्यूशय्येवरचा नेमो आपली ओळख सांगतो : तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असून १८५७च्या उठावात लढला होता आणि त्यात त्याने आपली माणसे गमावली होती. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मुलांना जड जाईल म्हणून संक्षेपकार नेमके दुःखच कापतात, आणि उरतो तो नुसता थरार, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

एक आई

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना एका भुताच्या कादंबरीने इतकी घाबरली की सलग चार रात्री दिवा लावून झोपली. पाचव्या दिवशी मी ते पुस्तक कपाटात लपवले. तिने आरडाओरडा केला नाही, शांतपणे म्हणाली, “आई, ती मुलगी अजून तळघरातच आहे. मी पुढे वाचले नाही, तर ती माझ्यासाठी कायम तिथेच राहील.” मला माझी चूक त्याच क्षणी कळली. उरलेली सत्तर पाने आम्ही दोघींनी दोन संध्याकाळी मोठ्याने वाचून काढली, आणि तिसऱ्या रात्री दिवा तिने आपणहून मालवला. पुस्तक काढून घेतल्याने भीती जात नाही, ती फक्त अर्धवट राहते, हे मला तेव्हा समजले.

विज्ञान शिक्षक

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ या, माणसाने प्रयोगातून घडवलेल्या एका जिवाच्या कादंबरीतले काही भाग वाचून दाखवतो. ती किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी नव्हे, पण मेरी शेली यांनी ती लिहायला घेतली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, ही गोष्ट सांगितली की वर्गाच्या बसण्याची पद्धतच बदलते. १८१५ साली इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षीचा युरोपातला उन्हाळा थंड आणि पावसाळी केला, जिनिव्हा सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मेरी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी भूतकथा लिहिण्याची पैज लावली आणि त्यातून १८१८ साली हे पुस्तक आले : कारणांची ही साखळी मुलांना कथेइतकीच खिळवून ठेवते.

मात्र दरवर्षी वर्ग थबकतो तो वेगळ्याच ठिकाणी. निर्मात्याने टाकून दिलेला तो जीव एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपतो, फटीतून त्यांचे बोलणे ऐकत भाषा शिकतो आणि ते आपल्याला आपले म्हणतील अशी आशा धरतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, “सर, याला अख्ख्या पुस्तकात कोणी नावसुद्धा दिलेले नाही.” त्यानंतरचा संपूर्ण तास वर्ग याच एका वाक्यावर बोलत राहिला. विज्ञानाने काय करावे आणि काय करू नये, यावर मी आजवर दिलेली सगळी व्याख्याने त्या तासापुढे फिकी आहेत.

वय सतरा

मी अजून त्याच वयात आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पुस्तक मिटताक्षणी ‘यातून काय शिकलीस?’ असे कृपया विचारू नका. आणि लेखकांना विनंती आहे की, भविष्यवाणीत जिचे नाव आधीच लिहून ठेवले आहे अशी नायिका आता पुरे. जिला कोणीही निवडलेले नाही आणि तरीही जी दार उघडायला पुढे जाते, तिची गोष्ट आम्हांला हवी आहे.

पंधराव्या वर्षी वडील गमावलेली वाचक

बाबा गेल्यानंतर घरात त्यांच्याविषयी बोलणे जवळजवळ थांबले होते. मला त्रास होऊ नये म्हणून आई बोलत नसे आणि तिला होऊ नये म्हणून मी. त्या दिवसांत एक कादंबरी हाती आली. तिचे नाव आज आठवत नाही, पण तिच्यातला एक नियम पक्का आठवतो. त्या घरात मेलेला भाऊ वावरत असतो, मात्र जिवंतपणी ज्या वस्तूंना त्याचा हात लागला होता, तेवढ्याच त्याला हलवता येतात. नव्या वस्तूंपुढे तो हतबल असतो.

पुस्तक संपल्यावर मी आमच्या घरातल्या अशा वस्तू मोजू लागले : चष्म्याचे घर, कपाटाची मूठ, विजेरी, माझ्या सायकलची घंटा. बाबांनी ती घंटा स्वतः बसवली होती. एका संध्याकाळी मी ती एकटीच पुन्हा पुन्हा वाजवत होते, तेव्हा आई बाहेर आली आणि काय चालले आहे म्हणून विचारू लागली. मी तिला तो नियम सांगितला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिने माझ्या यादीत नसलेल्या वस्तू सांगायला सुरुवात केली. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोलत होतो, अनेक महिन्यांनी.

शालेय ग्रंथपाल

वरच्या अनुभवातला नियम वाचून मला राहवले नाही. किशोर वाचक भुतांवर विश्वास ठेवायला तयार असतात. नियम मोडणाऱ्या लेखकावर नसतात. आत्म्याला भिंतीतून जाता येते असे पहिल्या प्रकरणात सांगून दहाव्यात त्याला कुलपाने अडवले, तर पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत येते, आणि ते का आवडले नाही हे मुले मला अचूक सांगतात. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांना मी जाड मालिकेऐवजी एच. जी. वेल्स यांची १८९५ सालची ‘टाइम मशीन’ देतो : पुस्तक लहान, आणि नायक थेट ८,०२,७०१ या वर्षात पोहोचतो. तो आकडा पाहूनच कित्येकांनी ते घरी नेले आहे.

आता अभियंता, तेव्हा तेरा वर्षांचा

एका कादंबरीतले यान पंधरा दिवसांत जवळच्या ताऱ्यावर जाऊन परत येत होते, आणि तेही साध्या इंधनावर. मी वही काढून हिशेब केला. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे त्या वेगाने केवळ पोहोचायलाच सुमारे ७५,००० वर्षे लागतील. लेखकाने फसवले, असे वाटून मी रागाने वही शिक्षिकेपुढे ठेवली. बाईंनी भागाकार तपासला, बरोबर असल्याची खूण केली आणि म्हणाल्या, “मग आता पंचाहत्तर हजार वर्षांची गोष्ट तू लिही.”

मी लिहायला बसलो. जे निघाले ते पोहोचणार नाहीत, हे पहिल्याच पानावर उघड होते. म्हणून यानात शाळा आली, दफनाची जागा आली, पृथ्वी कधीच न पाहिलेल्या मुलांना पाऊस समजावून सांगणारी एक म्हातारी आली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. माझी मुलगी यंदा तेरा वर्षांची झाली. तिने ती शोधून काढली आणि मला न विचारता सोळाव्या पिढीपासून पुढे लिहायला सुरुवात केली आहे.