मदत हवी आहे : सोसायटीच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचंय

इंदिरानगरकर :
नाशिकला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. नव्या पीसीला कमिटी ढिम्म हलत नाही. कामं तीनच : मेंटेनन्सच्या एक्सेल शीट, श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या नोटिसा आणि कॅनन एलबीपी २९०० वर प्रिंट. लिनक्समधलं ओ की ठो कळत नाही. कुठलं टाकू, आणि डेटा शाबूत कसा ठेवू?

टर्मिनलवाला :
लिनक्स मिंट २२ टाका, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. ४ जीबीवर चालतं, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की दम लागतो. ४ जीबी रॅमची आणखी एक स्टिक घाला. डीडीआर३च घ्या, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते.

एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवायच्या भानगडीत पडू नका. २४० जीबीची साटा एसएसडी आणा. विंडोज शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सोयीमुळे ते पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि ती डिस्क लिनक्समध्ये नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मग जुन्या डिस्कची केबल काढा, एसएसडी जोडा आणि इन्स्टॉल करा. केबल काढायचीच, कारण दोन्ही जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर बऱ्याचदा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (सुरुवातीच्या फाइल्सच्या भागावर) नेऊन टाकतो. पुढे ती डिस्क काढली की नवी सिस्टिम उठत नाही. काम झाल्यावर जुनी परत जोडा. फाइल्स जागच्या जागी सापडतील.

आयएसओ, म्हणजे मिंटची डाउनलोड करायची इन्स्टॉल फाइल, साधारण ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रामने ती त्यावर लिहा. पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू करायला बूट मेनू लागतो, त्याची की मदरबोर्डागणिक बदलते : गिगाबाइटला एफ१२, एसुसला एफ८.

अक्षरजुळारी :
थांबा, डिस्कला हात लावायच्या आधी नोटिसांचं बघा. खरी गोची तिथे आहे. श्रीलिपीच्या जुन्या फाइलमध्ये देवनागरी नसतेच. आत वेगळेच कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. मिंटवर फॉन्ट नसला की सगळी गिचमिड. सभासदांची नावं एक्सेलमध्ये त्याच फॉन्टात असतील तर तीही गेली.

म्हणून विंडोज चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण कोडमध्ये, बदलून घ्या. नुसत्या रेकॉर्डच्या नोटिसा पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट त्यात सोबत जातो. बदललेला मजकूर मात्र डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. कच्चं कन्व्हर्टर इथेच घसरतं, 'वार्षिक'चं 'वाषिर्क' आणि 'आर्थिक'चं 'आथिर्क' करतं. वार्षिक सभेच्या नोटिशीत हे दोन्ही शब्द असणारच!

सिडकोकर :
एक्सेलचं फार मनावर घेऊ नका. साधी सूत्रं मिंटवरच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये) चालतात, मॅक्रो असतील तर तपासा. प्रिंटर मात्र नडणार. एलबीपी २९०० ला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत, फक्त कॅननची स्वतःची सीएपीटी कळते. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर आणि सीसीपीडी नावाची सेवा लागते, आणि सिस्टिम अपग्रेड झाली की ती रुसू शकते. नवशिक्याने वाटेला जाऊ नये असं माझं मत. कोणाकडे एचपी १०२० पडून असेल तर तो लावा. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा उतरवावं लागतं, ते नसेल तर प्रिंटर दिसतो पण कागद हलत नाही.

इंदिरानगरकर :
नोटिसांचं डोक्यातच नव्हतं. आधी तेच करतो. आमच्या क्लार्कची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्ड लेआउटवर, बसलेली आहेत, त्यांचं काय?

अक्षरजुळारी :
मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे भाषा टायपिंगचं पॅकेज टाका. त्यात मराठीला रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट, गमभन सगळे लेआउट आहेत. एकदा लॉगआउट केल्याशिवाय यादीत दिसत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांत जाऊन भाषेखाली सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा आणि तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. वरच्या पट्टीत फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं तशीच राहिली, तर स्टाइलमधला सीटीएल फॉन्ट बदला. नोटिशीला मुक्ता हा फॉन्ट छान दिसतो.